कै. रेव्ह. नारायण वामन टिळक व त्यांची साप्ताहिक सेवा

आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत टिळकांचे नाव ज्यास ठाऊक नाही असा मनुष्य क्वचितच सापडेल. ज्या म्हातारीस अक्षरओळख नाही तिलाही त्यांची दोनचार भजने तोंडपाठ असतात, आणि उपदेशकास यावयास उशीर झाला तर तीच भजने म्हणत मंडळी बसून राहते. उपासना संगीत या आपल्या गीतांच्या पुस्तकात दोनशेहून अधिक गीते एकट्या टिळकांची आहेत. इतके असूनही, गाणाऱ्यांपैकी फार थोड्यांस हे माहीत असते की, या कवीच्या आयुष्याची शेवटची सात वर्षे एका साप्ताहिक पत्राची पाने भरण्यात गेली. त्या पत्राचे पुष्कळसे वाचक खेड्यांतील साधे ख्रिस्ती लोक, त्यांचे शिक्षक व उपदेशक हे होते. कवी टिळकांविषयी मोठमोठ्या लेखकांनी लिहिले आहे. आज आम्ही मुख्यत्वे त्या दुसऱ्या टिळकांविषयी लिहीत आहो, ज्यांस दर आठवड्यास, मन प्रसन्न असो वा नसो, देवाच्या वचनावर लोकांशी चार शब्द बोलणे भाग असे.

त्यांचा जन्म ता. ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यातील करजगाव येथे झाला. हा किनारा आपल्या मिशनांच्या इतिहासात अपरिचित नाही. स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे काम इकडे सुरू झाले ते १८२३ साली बाणकोटास, आणि पुढे हर्णै बंदर हे त्यांचे दुसरे ठाणे झाले. ज्यांच्या नावाचे कॉलेज मुंबईत उभे आहे ते डॉ. जॉन विल्सन १८२९ साली या देशात आले, तेव्हा मराठीचे पहिले धडे त्यांनी याच किनाऱ्यावर गिरविले. त्या मंडळींनी गावोगाव शाळा काढल्या, उन्हापावसात हिंडून उपदेश केला, आणि काही वर्षांनी मुक्काम मुंबई व पुणे येथे हलविला. त्यानंतर सुमारे तीस वर्षांनी हर्णैच्याच तालुक्यात एका चित्पावन ब्राह्मणाच्या घरी हे मूल जन्मले. त्या पेरणीचेच हे पीक, असे म्हणण्याचा मोह कोणासही होईल, पण तसे म्हणणे ओढाताणीचे आहे. टिळकांस शुभवर्तमान भेटले ते कोकणात भेटले नाही. ते फार दूर, रेल्वेच्या एका डब्यात भेटले.

वडील वामनराव सरकारी नोकर होते व स्वभावाने कडक होते. आई जानकीबाई मायाळू, देवभक्त व काव्याची आवड असलेली. मुलाचा सर्व ओढा आईकडे, आणि तीच ते लहान असता वारली. त्यानंतर बापलेकांचे जमेना. मुलगा घर सोडून नाशिकास गेला. जवळ पैसा नाही, ओळख नाही, अशा स्थितीत लोकांच्या आश्रयाने तो राहिला, आणि गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्याने संस्कृत काव्याचा अभ्यास केला. इंग्रजी शाळेतील शिक्षण अर्ध्यावरच सुटले. पुढे ज्यांनी आपल्या असंख्य भजनांत ख्रिस्तास माउली म्हणून हाक मारली, त्यांची स्वतःची माउली बालपणीच हरपली होती, हे आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावे. तो शब्द त्यांनी केवळ वारकऱ्यांच्या वापरातून उचलला असे आम्हांस वाटत नाही.

१८८० च्या सुमारास नाशिकाजवळील जलालपूरच्या गोखल्यांची कन्या मनकर्णिका हिच्याशी त्यांचे लग्न झाले. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवले. ह्याच पुढे महाराष्ट्रात प्रसिद्ध झालेल्या लक्ष्मीबाई टिळक. लग्नानंतरची दहाबारा वर्षे टिळक एका गावी असे राहिलेच नाहीत. कोठे शाळेत शिकविले, कोठे भिक्षुकी केली, कोठे कीर्तन-पुराण सांगितले, कोठे छापखान्यात खिळे जुळविले. मिळालेला पैसा हाती टिकत नसे. वाटेत कोणी गरजू भेटला की तो त्याच्या हातात जाई, आणि घरी चूल कशी पेटावयाची याचा विचार मागाहून. बायको कधी माहेरी, कधी नातलगांकडे. नवऱ्याचा ठावठिकाणा महिनेच्या महिने नाही. लक्ष्मीबाईंनी आपल्या स्मृतिचित्रांत हे सर्व हसतहसत सांगितले आहे, परंतु त्या हसण्याखाली काय सोसले असेल ते आमच्या भगिनींस समजावून सांगावयास नको. थोर पुरुषाचे चरित्र म्हणून त्यांचे दोष झाकणे आम्हांस योग्य वाटत नाही. एका जागी ठरणे हे टिळकांच्या स्वभावात नव्हते, एवढे येथे नमूद करून ठेवतो. पुढे त्याचे काम पडणार आहे.

१८९१ साली ते नागपुरास गेले. तेथे संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचे काम त्यांस मिळाले. अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी ऋषी नावाचे एक नियतकालिक चालविले. त्यात हिंदू धर्मातील प्रश्नांचे विवरण येत असे. ते फार दिवस चालले नाही. तथापि ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. ख्रिस्ताचे नाव घेण्यापूर्वीच या मनुष्याच्या अंगी ही ओढ होती की, धर्मग्रंथ उघडावा, त्यातील अर्थ शोधावा, आणि जो अर्थ सापडेल तो छापून लोकांपुढे ठेवावा. आपला देश उठावा, आणि देश उठावयाचा तर आधी त्याचा धर्म शुद्ध व्हावा, ही तळमळ त्यांस तेव्हाच लागली होती. जातिभेद व मूर्तिपूजा यांविषयी त्यांचे मन साशंक झाले होते. प्रश्न पुष्कळ होते, उत्तर मात्र हाती नव्हते.

१८९३ साली नोकरीच्या शोधात ते नागपुराहून राजनांदगावास निघाले. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होते. त्या काळी गोऱ्या उतारूने देशी माणसास डब्यात सुखाने बसू दिले तरी विशेष वाटत असे. या गृहस्थांनी तर त्यांस आदराने जागा दिली, आणि दोघांचे संस्कृत काव्यावर बोलणे सुरू झाले. बोलता बोलता विषय धर्माकडे वळला. उतरतेवेळी त्या गृहस्थांनी त्यांस नव्या कराराची एक प्रत दिली, आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांस ते हास्यास्पद वाटले. तरी दिलेल्या शब्दाला जागून त्यांनी पुस्तक वाचावयास घेतले.

मत्तयाच्या शुभवर्तमानाचे पाचवे, सहावे व सातवे हे तीन अध्याय आमच्या उपदेशकांनी किती वेळा वाचून दाखविले असतील! शंभर वेळा वाचल्यावर त्यांतील धार आपल्या बोटांस लागेनाशी होते. टिळकांनी ते प्रथमच वाचले, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले. पुढे जाववेना. त्यांच्या कानांत ज्ञानदेव व तुकाराम लहानपणापासून भिनलेले होते. देव दांभिकाचे देवपण मानीत नाही, दीन मनुष्य त्यास प्रिय आहे, वैऱ्यावरही प्रेम करावे, ही भाषा त्यांस परकी नव्हती. परकी नव्हती म्हणूनच ती खोल गेली. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते पुढे सांगत, ते याच अर्थाने. आमचे काही बंधू या बोलण्याने बिचकतात. बिचकण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. पूल ओलांडून जो पलीकडे गेला, त्याने पुलाचे उपकार मानले तर पलीकडच्या तीराचा मान कमी होत नाही.

ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. भाकितातील दोन वर्षे संपत आली होती. बाप्तिस्मा देणारे पाळक अमेरिकन मराठी मिशनचे रेव्ह. तुकाराम नाथोजी. परदेशी हातून हा विधी होऊ नये, आपल्याच देशबांधवाकडून व्हावा, असा टिळकांचा आग्रह होता. पाळकाचे नाव तुकाराम असावे हा केवळ योगायोग, पण गोड योगायोग.

त्या एका दिवसाची किंमत आता सांगावयाची आहे. नोकरी गेली, आश्रयदाते गेले, नातलगांनी दारे लावली. हे सर्व त्यांनी आधीच धरून ठेवले होते. परंतु लक्ष्मीबाई व लहानगा दत्तू दुरावले, तो घाव मोठा होता. त्या बाईंवर तर आकाशच कोसळले. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. त्यांचे माहेर सोवळ्याओवळ्याचे कडक. नातलगांकडे नाशिक, पंढरपूर असे दिवस काढीत त्या सुमारे साडेचार वर्षे पतीपासून दूर राहिल्या. टिळक पत्रे पाठवीत, कधी कवितेत पाठवीत. त्यांनी दुसरा विवाह केला नाही व बायकोवर धर्माची बळजबरीही केली नाही. पुढे लक्ष्मीबाई अहमदनगरास, ज्यास आता अहिल्यानगर म्हणतात, तेथे येऊन राहिल्या; प्रथम आपले सोवळे सांभाळूनच. हळूहळू त्यांचे त्यांसच उमगत गेले की, मनुष्याच्या स्पर्शाने पाणी बाटत नाही. ज्या दिवशी जातीचा विचार त्यांच्या मनातून उतरला तो दिवस बाप्तिस्म्याच्या आधीचा आहे. १९०० साली राहुरी येथे त्यांचा व दत्तूचा बाप्तिस्मा झाला. ज्या बंधुभगिनींच्या घरांत धर्मामुळे अशी ताटातूट झाली असेल त्यांनी ही साडेचार वर्षे विसरू नयेत. त्या काळात टिळकांनी प्रार्थना केली, पत्रे लिहिली, वाट पाहिली. आणखी काही त्यांच्या हाती नव्हते.

अहमदनगर हे १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे. टिळक तेथील धर्मशिक्षणाच्या शाळेत उपदेशक होणाऱ्या विद्यार्थ्यांस शिकवू लागले. १९०४ साली त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. १८९९-१९०० चा भयंकर दुष्काळ तेव्हा नुकताच होऊन गेला होता, व मिशनच्या आश्रयास शेकडो अनाथ मुले आली होती. टिळकांच्या घरीही परकी मुले येऊन घरची होत. पुढे जे बालकवी म्हणून गाजले ते त्र्यंबक बापूजी ठोमरे याच घरात काही काळ मुलासारखे राहिले.

नगर जिल्ह्यातील खेड्यांत त्या वेळी जे लोक प्रभूकडे आले होते ते बहुतेक महार व मांग समाजांतील. गावकुसाबाहेर घर, अंगावर फाटके वस्त्र, शाळेचे दार पिढ्यान्‌पिढ्या बंद. परंतु गळ्यात गाणे होते. एकतारी, टाळ, मृदंग व खंजिरी ही त्यांची जन्माची सोबत. ख्रिस्ती झाल्यावर त्यांस गावयास काय मिळाले? पुष्कळ गीते इंग्रजीवरून मराठीत उतरविलेली, चाली विलायती, शब्द जागोजागी मुरडलेले. गीतांतील भाव खरा होता, पण ते गाताना खेडूत मनुष्य पाहुण्याच्या घरी बसल्यासारखा अवघडून बसे. नगरचेच कृष्णराव सांगळे यांनी देशी रागदारीत सुंदर गीते रचून या कामास आधीच आरंभ केला होता, आणि मिशनमध्ये ख्रिस्ती कीर्तनेही होत असत. टिळकांनी ही वाट रुंद केली.

येथे थोडे अभंगाविषयी सांगितले पाहिजे, कारण टिळकांच्या कामाची किल्ली त्यात आहे. मोठ्या अभंगाच्या एका चरणात चार तुकडे असतात. पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे व शेवटचा चार अक्षरांचा. दुसऱ्या व तिसऱ्या तुकड्यांचे यमक जुळते, आणि चौथा तुकडा लहान असल्याने गाणाऱ्यास श्वास घ्यावयास जागा मिळते. ध्रुपद पुन्हा पुन्हा येते. ज्यास वाचता येत नाही तो ध्रुपद दोनदा ऐकून तिसऱ्या वेळी स्वतः म्हणतो, आणि घरी जाईपर्यंत सारा अभंग त्याचा झालेला असतो. पवित्र शास्त्रातील एखादे वचन अशा साच्यात घातले की ते पुस्तकातून निघून मनुष्याच्या तोंडी राहावयास येते. शेतात खुरपताना, जात्यावर दळताना, रात्री वाट चालताना ते त्याच्याजवळ असते. दिव्यास तेल नसले तरी चालते.

आता ज्ञानोदयाकडे वळू. हे पत्र अमेरिकन मिशनने १८४२ साली अहमदनगर येथे काढले. मराठीतील पहिले वृत्तपत्र दर्पण हे त्यापूर्वी दहाच वर्षे, १८३२ साली, बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत सुरू केले होते. जांभेकरांचे गाव पोंभुर्ले. ते आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात असले तरी १९८१ पूर्वी रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत असे. मराठी पत्रलेखनाच्या कामात रत्नागिरीने दोन थोर पुरुष दिले असे कोणी म्हटले तर ते खोटे होणार नाही. ज्ञानोदयात मराठी व इंग्रजी असे दोन विभाग असत. १९१२ साली मराठी विभागाचे संपादन टिळकांकडे आले, आणि ते त्यांच्या मरणापर्यंत त्यांच्याकडेच राहिले.

साप्ताहिकात लिहिणे म्हणजे काय, हे ज्याने केले आहे त्यालाच समजेल. कवीस स्फूर्ती येईल तेव्हा तो लिहितो. छापखाना स्फूर्तीची वाट पाहत नाही. ठरलेल्या वारी मजकूर गेला नाही तर टपाल चुकते. टपाल चुकले की दूरच्या खेड्यातील शिक्षक शनिवारी रिकाम्या हाताने बसतो, आणि रविवारी त्याच्यापुढे जमलेली वीसपंचवीस माणसे मागचेच काही तरी ऐकून परत जातात. कारण त्या काळी एक अंक एकाच मनुष्यापुरता नसे. जो वाचू शके तो कंदिलाजवळ बसून मोठ्याने वाची, आणि भोवताली बसलेले ऐकत. म्हणून लिहिणाराने कानासाठी लिहावे लागे. लांबलचक वाक्य कानात शिरत नाही. पंडिती शब्द आला की ऐकणारांचे लक्ष बाहेर हंबरणाऱ्या गुराकडे जाते. टिळक संस्कृतात श्लोक रचणारे पंडित, पण या पानांसाठी त्यांनी पांडित्य बाजूस ठेवले. आई व लेकरू, गुरू व शिष्य, मित्र व मित्र, फूल, पाखरू, उंबरठा, पायधूळ, अशा नेहमीच्या गोष्टींतून त्यांनी ख्रिस्ताशी होणाऱ्या सहवासाचे वर्णन केले. त्यांचे भक्तिपर अभंग या पत्रातून लोकांस मिळत गेले, आणि पुढे अभंगांजली या नावाने त्यांची ओळख झाली. लेखांतून ते मंडळीच्या व देशाच्या प्रश्नांवर लिहीत. ख्रिस्ती झालेला मनुष्य आपल्या देशास परका होत नाही, उलट देशावर अधिक प्रेम करण्यास बांधला जातो, हे त्यांचे आवडते प्रतिपादन. त्या दिवसांत ख्रिस्ती मनुष्यास शेजारीपाजारी अर्धा साहेब समजत, म्हणून हे सांगण्याची गरज होती.

ज्या मनुष्यास कोणतीही नोकरी दोन वर्षे धरवत नव्हती, तोच हे काम सात वर्षे करीत राहिला. याचे आम्हांस राहून राहून नवल वाटते. पगार मोठा होता म्हणून हे घडले नाही, कारण पगाराची गोष्ट पुढे सांगावयाची आहे. आमचे मत असे की, ज्यास दर आठवड्यास लोकांपुढे वचन ठेवावे लागते, त्यास ते आधी स्वतःपुढे ठेवावे लागते. एखादा उत्तम उपदेश वर्षातून एकदा करावयाचा असला तर मनुष्य आपले जीवन बाजूस ठेवूनही तो करू शकेल. बावन्न आठवडे तसे करता येत नाही. वचन लिहिणाराकडे वळून पाहू लागते. टिळकांच्या बाबतीत ते कसे वळले, हे त्यांच्या शेवटच्या दोन वर्षांत दिसून आले.

मिशनचे उपकार टिळकांनी कधी नाकारले नाहीत. मिशनऱ्यांत त्यांचे जिवलग मित्र होते, आणि त्यांच्या मरणानंतर चार वर्षांनी, १९२३ साली, इंग्रजीत त्यांचे चरित्र लिहिले तेही जे. सी. विन्स्लो या मिशनऱ्यानेच. पण मिशनरी म्हणजे मायबाप आणि देशी ख्रिस्ती म्हणजे त्यांची अजाण लेकरे, ही रीत त्यांस सलत असे. मंडळीने आपल्या पायांवर उभे राहावे, परदेशातून येणाऱ्या पैशाकडे डोळे लावू नयेत, हे ते लिहून व बोलून सांगत. पुष्कळांस ते झोंबले. काही मिशनऱ्यांस कृतघ्नपणा वाटला, आणि काही देशी बंधूंस भय वाटले की, असे बोलल्याने आपली भाकर जाईल. भय खोटे नव्हते. शिक्षकाचे चार रुपये बंद झाले तर त्याच्या घरी काय होते, ते आम्ही जाणतो. शहरात बसून स्वावलंबनाचा उपदेश करणे सोपे असते. टिळकांची गोष्ट निराळी, ती एवढ्यासाठी की, त्यांनी तो उपदेश प्रथम स्वतःस लागू केला.

१९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला व संन्यास घेतला. संन्यास म्हणजे घर टाकून रानात जाणे, असा त्यांचा अर्थ नव्हता. लक्ष्मीबाई बरोबरच होत्या, आणि मिळकत बंद झाल्यावर प्रपंचाचा जो भार पडला तो मुख्यत्वे त्यांच्याच डोक्यावर पडला. हे येथे सांगितले नाही तर अन्याय होईल. टिळक साताऱ्यास जाऊन राहिले, आणि तेथे त्यांनी देवाचा दरबार नावाचा एक बंधुसमाज आरंभिला. ज्यांचा बाप्तिस्मा झाला आहे व ज्यांचा झालेला नाही, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांस त्यात जागा होती. जे मनाने प्रभूचे झाले आहेत, पण बाप्तिस्मा घेतल्यास घर, जात, वतन सर्व जाईल म्हणून उंबरठ्यावर थबकले आहेत, अशांस कोणी तरी हात द्यावा, हा त्यांचा हेतू.

या गोष्टीविषयी त्या वेळी मतभेद झाले, व ते आजही होऊ शकतील. बाप्तिस्म्यावाचून शिष्यत्व पुरे समजू लागलो तर मंडळीची भिंतच ढासळेल, असे एका पक्षाचे म्हणणे. आम्ही स्वतः बाप्तिस्म्याचे महत्त्व कमी मानीत नाही. परंतु टिळकांवर ढिलेपणाचा आरोप करणाराने इतके पाहावे की, बाप्तिस्म्याची पुरी किंमत मोजलेला असा मनुष्य महाराष्ट्रात त्यांच्यासारखा दुसरा क्वचितच असेल. साडेचार वर्षे ज्याने बायकोमुलाचे तोंड दुरून पाहिले, त्यास उंबरठ्यावरच्या मनुष्याची कणव आली तर ती स्वस्त कणव नव्हती. दरबारास पुढे काय रूप आले असते ते पाहण्यास टिळक राहिले नाहीत. दोन वर्षांहूनही कमी अवधी त्यांस मिळाला.

या अवधीतही ज्ञानोदयाचे काम चालूच राहिले. मिशनचा पगार सुटला, पण मिशनच्या पत्रातील सेवा सुटली नाही. ता. ५ मे १९१८ रोजी त्यांचे लाडके ठोमरे खानदेशात भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून वारले. ऐन तारुण्यात, तिशीही गाठली नव्हती. त्यानंतर एक वर्ष व चार दिवसांनी, ता. ९ मे १९१९ रोजी, मुंबईस जमशेटजी जिजीभाई हॉस्पिटलात टिळकांचे देहावसान झाले. त्या वेळी त्यांचे वय सत्तावन्न वर्षांचे होते.

टेबलावर एक मोठे काम अर्धवट राहिले. १९०९ सालापासून त्यांनी ख्रिस्तायन या नावाने प्रभूचे संपूर्ण चरित्र ओवीबद्ध लिहावयास घेतले होते. तीन शतकांपूर्वी, १६१६ साली, फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण कोकणाच्या दक्षिण टोकास गोव्यात छापले गेले होते. तशाच थाटाचा, पण आपल्या काळच्या मराठीतील हा ग्रंथ व्हावयाचा होता. आठवड्याच्या मजकुरातून वेळ काढून दहा वर्षांत आरंभीचे थोडेच अध्याय त्यांच्या हातून झाले. आमच्यापैकी काहींस याचा खेद होतो. साप्ताहिकाच्या चाकरीत महाकाव्य गमावले, असे ते म्हणतात. खेड्यातील ज्या माणसास त्या चाकरीमुळे दर रविवारी काही तरी ऐकावयास मिळाले, त्याचा हिशेब हे लोक कोठे मांडतात कोण जाणे.

ते पुस्तक पुढे लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. लहानपणी त्या कोणत्याही शाळेत गेल्या नव्हत्या. अक्षरे त्यांस नवऱ्याने शिकविली, तीही पुष्कळ रागावून. विधवापणात त्यांनी कीर्तने केली, १९३४ पासून स्मृतिचित्रे प्रसिद्ध केली, आणि बरोबरीने ख्रिस्तायनाच्या ओव्या रचीत राहिल्या. नवऱ्याने जितके अध्याय लिहिले होते त्यांच्या कितीतरी पट त्यांनी लिहिले. ता. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्याही प्रभूकडे गेल्या. तेव्हा शेवटचा भाग राहिला होता. ज्या दत्तूचा राहुरीस आईबरोबर बाप्तिस्मा झाला होता, आणि ज्याने मोठेपणी स्वतः ज्ञानोदयाचे संपादन केले, त्या देवदत्त टिळकांनी तो पुरा केला, व १९३८ साली ग्रंथ छापून निघाला.